गोधडी, घर, देव आणि परसबाग : मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या बाजूला एका गावात राहते. लग्न होऊन आले त्याला ३१ वर्षं झाली आणि तेव्हापासून गोधड्या शिवतेय, आधी घरच्या आणि गेल्या दहा-बारा वर्षांत बाहेरच्या पण. फोनवर लोक तेच तेच विचारतात, आणि हातात सुई असली की मला धड बोलता येत नाही, म्हणून सून म्हणाली एकदाचं सगळं लिहून ठेवा. तसं लिहिलंय. गोधडीचं विचारणारे शेवटी माझ्या वांग्यांचं आणि आमच्या कानबाई देवीचं पण विचारतातच, म्हणून तेही इथेच.

गोधडी, वाकळ, लेप, रजई, यात फरक काय?

रजई आणि लेप म्हणजे आत कापूस भरलेला. ते पिंजाऱ्याचं काम, कापूस पिंजून घ्यावा लागतो. गोधडीत कापूस नसतो, कापडावर कापड घालून थर लावतात आणि सगळे थर धावदोऱ्यानं एकमेकांना धरून ठेवतात. वाकळ पण तेच, पुण्या-साताऱ्याकडचे लोक वाकळ म्हणतात. कपाशीच्या मुलखात राहून आम्ही कापूस न भरता जुनी लुगडी का भरतो असं एका बाईनं विचारलं होतं. अहो कापूस विकायला असतो ना. जो पिकवला तो बाजारात गेला, घरात राहिलं ते अंगावरचं जुनं कापड, त्याचीच गोधडी झाली.

एका गोधडीला किती साड्या लागतात?

डबलला चार, सिंगलला तीन, असं धरून चाला. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर असते, तिचे सात-सात फुटांचे दोन तुकडे काढून शेजारी शेजारी जोडले की एक पूर्ण थर होतो आणि वर चारेक फूट उरतं, ते काठाला आणि ठिगळांना कामी येतं. वरचा एक थर, खालचा एक, पोटात दोन. सिंगलला रुंदी कमी लागते म्हणून कापड वाचतं. थंडीसाठी जाड पाहिजे असेल तर पोटात अजून एक घाला, पण त्याच्यावर नको, सुई जात नाही आणि धुताना दोन माणसं लागतात. ओली गोधडी उचलून बघा म्हणजे कळेल.

पोटात सगळ्यात चांगलं काय तर जुनं धोतर. आता धोतरं मिळत नाहीत. आमचे नाना म्हणजे सासरे अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये होते, मिल बंद पडली पण त्यांची धोतरं अजून आमच्या दोन गोधड्यांच्या पोटात आहेत.

कोणतं कापड चालत नाही?

नायलॉन, जॉर्जेट, सिंथेटिक सिल्क, जरीची साडी. लोक नेमक्या याच साड्या आणतात कारण त्या फाटत नाहीत आणि कपाटात पडून असतात. सुती आणि सिंथेटिक एकत्र केलं की पहिल्या धुण्यात सुती आटतं, सिंथेटिक आहे तसंच राहतं, आणि गोधडी ठिकठिकाणी फुगते, गोळे येतात. शिवाय सिंथेटिकवर दोरा घसरतो आणि घाम शोषत नाही, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती अंगाखाली घेऊन झोपवत नाही. कळत नसेल तर कडेचा एक दोरा ओढून काडीनं पेटवा, सुती कागदासारखा जळतो आणि राख होते, सिंथेटिक वितळून गोळी होते.

नवीन कापड पण मी घेत नाही. नवीन कापडाला खळ असते आणि ते अजून किती आटणार ते माहीत नसतं, पण खरं कारण ते नाही. पन्नास वेळा धुतलेलं कापड अंगाला जसं लागतं तसं नवीन लागत नाही, आणि दुकानातून तागा आणून शिवलेल्या गोधडीत ओळखीचं कोणी नसतं. हे माझं मत झालं, काही बायका नवीन कापडाच्या सुंदर गोधड्या करतात, त्यांच्याकडे जरूर जा.

साडीचा रंग गेला तर?

जाणारच, लाल आणि काळ्याचा हमखास. शिवायच्या आधी प्रत्येक साडी वेगळी भिजवायची, पांढरं ओलं फडकं तिच्यावर दाबून घासायचं, फडक्याला रंग लागला तर परत धुवायची. मिठाच्या पाण्यात ठेवली की रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, मी पण वर्षानुवर्षं केलं, पण मला फरक दिसला नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुणं हाच उपाय. चार वेळा, पाच वेळा. मग कडक उन्हात.

एवढे दिवस का लागतात? बाजारात तर लगेच मिळते.

सिंगल गोधडी साधारण पाच बाय सात फूट. दोन ओळींत बोटभर अंतर, म्हणजे दोन सेंटीमीटर. एकदा मुलानं बसून हिशोब केला तर टाक्यांची लांबी दीडशे मीटरच्या वर निघाली, आणि टाका एक सेंटीमीटरचा धरला तर पंधरा हजाराच्या वर टाके. दिवसातून दोन-तीन तास मिळाले तर तीन आठवडे जातात.

आणि ते दोन-तीन तास कुठून मिळतात ते पण सांगते. सकाळी पाचला उठून सडा, तुळशीला पाणी, पूजा, मग भाकऱ्या. बारा महिन्यांतले बरेच महिने कळण्याची भाकरी असते आमच्याकडे, ज्वारीत उडीद घालून दळलेली, ती थापायला वेळ लागतो. मग शेतातले डबे, नातवाची शाळा, भांडी. दुपारी एक ते साडेतीन ओसरीत सतरंजी टाकून बसते, तेवढाच वेळ माझा. शेजारच्या दोघी पण येतात, एका गोधडीला दोन बाजूंनी दोघी बसल्या की काम भरभर होतं आणि गप्पा पण. कापूस वेचणीच्या दिवसांत, म्हणजे दसऱ्यापासून पुढं दोनेक महिने, काहीच होत नाही, तेव्हा बोटं बोंडांच्या टोकांनी इतकी सोललेली असतात की सुई धरवत नाही. म्हणून हिवाळ्यासाठी पाहिजे असेल तर आखाजीच्या म्हणजे अक्षय तृतीयेच्या आसपास सांगा, दिवाळीला फोन करू नका. दरवर्षी दिवाळीलाच करतात.

मशीनवर का शिवत नाही?

मशीनचे टाके घट्ट आणि सरळ असतात, गोधडी त्यानं कडक होते, गुंडाळली तर मोडल्यासारखी वाटते. हातानं घातलेला धावदोरा थोडा सैल राहतो म्हणून थर एकमेकांवर सरकतात, मधे हवा राहते आणि अंगाशी लपेटते. दोरा पण वेगळा लागतो, जाड सुती, मेणावरून ओढून घेतलेला. हात-दीड हातापेक्षा लांब दोरा ओवायचा नाही, गुंता होतो. सासूबाई म्हणायच्या, "दोराले घाई नको करू, तो अडकी जाई." नवीन शिकणाऱ्या मुली मोठा दोरा ओवतात, परत परत ओवायचा कंटाळा येतो म्हणून, आणि मग अर्धा तास गाठ सोडवत बसतात.

मी कडेपासून सुरू करते आणि चौकोनी फेऱ्या घालत मधे येते. त्यानं सगळ्या सुरकुत्या मधे ढकलल्या जातात म्हणून थर अंथरतानाच नीट ताणून, चारी बाजूंनी लांब कच्चे टाके घालून घ्यायचे. हे अंथरणं एकटीनं होत नाही. एकदा मी हट्टानं एकटीनं केलं होतं, मधे आल्यावर एवढी घडी पडली की सगळी उसवावी लागली, नऊ दिवसांचं काम.

गोधडी सुरू करायला मुहूर्त लागतो का?

मी अमावस्येला सुरू करत नाही, बाकी कोणताही दिवस. पहिल्या टाक्याच्या आधी हळदकुंकू लावते कापडाला, आणि मधला शेवटचा चौकोन बंद करायच्या आधी आत भाकरीचा छोटा कोरडा तुकडा ठेवते. हे माझ्या मायकडून आलं. गोधडी उपाशी ठेवायची नाही असं ती म्हणायची. सगळेच करतात असं नाही, आणि कोणाला नको असेल तर मी नाही ठेवत, आधी विचारते.

शिवताना मी बोलत नसले तर मनात हरिपाठ चालू असतो. माझं माहेर मुक्ताईनगरकडचं. आदिशक्ती मुक्ताईची पालखी कोथळीहून निघायची तेव्हा माय वारकऱ्यांना गोधड्या द्यायची, वापरून परत आणा म्हणायची नाही. पंढरपूर तिथून किती लांब. पूर्ण वाट मला एकदाच चालता आली, लग्नाआधी, तेव्हा रात्री एखाद्या शाळेच्या व्हरांड्यात पंधरा-वीस बायका तीन गोधड्यांवर झोपायच्या आणि सकाळी कोणाची कोणती ते ओळखायला फक्त टाके बघायचो. माझ्या मायचा टाका लांब असायचा, डोळे बारीक झाल्यावर अजून लांब झाला.

कानबाईच्या दिवसांत ऑर्डर का घेत नाही?

कारण त्या पंधरा दिवसांत आमच्या घरातल्या सगळ्या गोधड्या बाहेर काढलेल्या असतात आणि मी त्यांच्यामागे असते.

खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, डोळे, साज, नवीन वस्त्र, चौरंगाला केळीचे खांब. काही घरांत तेच जुनं नारळ पिढ्यानपिढ्या जपून ठेवलेलं असतं. रोटाचा म्हणजे देवीच्या नैवेद्याचा स्वयंपाक असतो, त्यासाठी घरातल्या पुरुष माणसांच्या हिशोबानं गहू मोजून घेतात, पुरणपोळी, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. रोट भाऊबंदकीतच संपवायचे, बाहेर द्यायचे नाहीत. रात्रभर जागरण, गाणी, फुगड्या, आणि सोमवारी सकाळी देवीला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर.

तर यासाठी सगळी भाऊबंदकी गावाला येते. आमचे अर्धे लोक सुरतेला आहेत, काही कल्याण-डोंबिवलीला, काही नाशिकला कंपन्यांमध्ये. एरवी लग्नाला पण न येणारे कानबाईला येतात. गेल्या वेळी घरात मोजून २६ माणसं झोपायला होती. घर सारवून-रंगवून झालं की मी पेट्या उघडते, सगळ्या गोधड्या काढून धुते, श्रावणात ऊन मिळालं तर नशीब, नाहीतर घरातच दोऱ्या बांधून वाळवते. मग त्या रात्री एकेक जण आपली गोधडी शोधतो. माझे मोठे दीर साठीच्या पुढचे आहेत, सुरतेला आयुष्य गेलं, आल्या आल्या विचारतात ती निळी कुठं आहे. ती निळी म्हणजे त्यांच्या आईच्या लुगड्याची. पोरांना दाखवतात, "हाई मन्ही मायनं लुगडं शे." पोरांना अहिराणी अर्धीच कळते आता, पण गोधडी ओढायला भांडतात.

म्हणून नाही घेत ऑर्डर. राग नका मानू.

गेलेल्या माणसाच्या कपड्यांची गोधडी करता का? ते अशुभ नाही का?

करते. माझ्याकडे येणाऱ्या कामातलं निम्मं तेच असतं आता. अशुभ कसं असेल, आमच्याकडे आखाजीला आपण पितरांची घागर भरतो, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवतो, आंब्याचा रस आणि सांजोरीचा नैवेद्य दाखवतो, गेलेल्यांना घरात बोलावतो ना वर्षातून एकदा. मग त्यांचं लुगडं पांघरायला काय हरकत. तरी ज्यांच्या घरी चालत नाही त्यांनी करू नये, घरातल्या मोठ्यांना दुखवून गोधडी करण्यात अर्थ नाही.

दोन गोष्टी मात्र पाळा. एक, सगळ्या साड्या मला देऊ नका, एक तरी आहे तशी घडीत ठेवा. मागून वाटतं की ठेवायला पाहिजे होती, आणि कापल्यावर ती परत साडी होत नाही. दुसरं, लगेच दहाव्या-तेराव्याला आणू नका. वर्ष जाऊ द्या. एक भाऊ-बहीण आईच्या साड्या महिन्याभरात घेऊन आले होते, मी कात्री लावली तशी ती मुलगी उठून बाहेर गेली. मी थांबले. साड्या परत बांधून दिल्या, आठ महिन्यांनी ती स्वतः घेऊन आली आणि कोणता काठ वर पाहिजे ते तिनंच सांगितलं.

कुरिअरनं का पाठवत नाही?

पाठवायचे आधी. चार-पाच वर्षांपूर्वी पुण्याच्या एका मुलीच्या आईच्या पाच साड्या आल्या होत्या, मी दोन महिने लावून डबल गोधडी केली आणि एका कुरिअरनं पाठवली, ती पोहोचलीच नाही. पावती होती, नंबर होता, फोनवर रोज वेगळा माणूस वेगळं सांगायचा. शेवटी म्हणाले वजनाप्रमाणे भरपाई देतो. अडीच किलो जुन्या कापडाची काय भरपाई देणार.

ती मुलगी मला एक शब्द बोलली नाही, फक्त फोनवर गप्प बसली होती, ते मला जास्त लागलं. माझ्याकडे त्या साड्यांचे काठ आणि कडेचे तुकडे होते, मी टाकत नाही कधी. ते सगळे जोडून दोन बाय अडीच फुटांचं एक दुपटं झालं, ते घेऊन मी स्वतः पुण्याला गेले. रेल्वेचं रिझर्वेशन मिळालं नाही, एसटीनं गेले, बॅग मांडीवर.

तेव्हापासून ठरलं, एक तर तुम्ही या, नाहीतर ओळखीच्या माणसाच्या हाती देईन. आणि प्रत्येक कामातला एक तुकडा माझ्या पेटीत राहतो, वर चिठ्ठी लावून. तो परत मागू नका.

बाळासाठी दुपटं पाहिजे, काय आणू?

आजीची वापरून मऊ झालेली सुती साडी आणि आजोबांचं धोतर किंवा सुती लुंगी असेल तर. एक साडी भरपूर होते, दोन दुपटी निघतात. बटणं, लेस, टिकल्या काही लावून मागू नका, मी लावणार नाही, बाळ तोंडात घालतं. आणि लहान बाळाच्या तोंडावर येईल असं जाड काही पांघरू नका, दुपटं खाली घालायला आणि गुंडाळायला ठेवा.

गोधडी धुवायची कशी, ठेवायची कशी?

वर्षातून दोनदा पुरे, घट बसायच्या आधी आणि उन्हाळा संपताना. साध्या साबणाच्या पाण्यात तासभर भिजवा, पायानं तुडवा, ब्रश मारू नका, टाके तुटतात. पिळू नका, दोरीवर दुहेरी टाका आणि पाणी गळू द्या. वॉशिंग मशीनमध्ये सिंगल जाते, डबल घालू नका, मशीन पण जाईल आणि गोधडी पण. पूर्वी बायका बोरीवर न्यायच्या, दगडावर धुवायच्या आणि वाळूवर पसरायच्या, आता नदीला पावसाळा सोडला तर पाणी कुठं असतं.

ठेवताना पूर्ण वाळलेली पाहिजे, जराही ओल नको. घड्यांमध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवते मी. वर्षातून एकदा घडी बदला, त्याच घडीवर कापड विरतं.

टाका तुटला तर लगेच दोन टाके घाला. एक तुटला की शेजारचे निघतात आणि मग थर सरकतो.

खान्देशात एवढं ऊन, गोधडी लागते कुठं?

मे महिन्यात ४५ अंश असतं हे खरं, पण तेव्हाच तर सगळे गच्चीवर झोपतात आणि तापलेल्या स्लॅबवर खाली घालायला गोधडी लागते. पहाटे तीच अंगावर ओढायची. आणि डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे एखाद्या वर्षी पारा ५-६ पर्यंत उतरतो, तेव्हा हरभऱ्याला रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला विचारा गोधडी कशाला लागते.

एवढ्या उन्हात परसबाग कशी जगवता?

इथं त्या नायलॉनच्या साड्या कामी येतात, ज्या मी गोधडीला नाही म्हणते. चार बांबू रोवून वरती हलक्या रंगाची साडी ताणून बांधायची, दुपारचं ऊन अडतं आणि वारा जातो. हिरवी जाळी विकत मिळते पण साडी फुकट आहे. दोन उन्हाळे टिकते, मग चिरते.

पाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे नळ रोज येत नाही. म्हणून झाडं पाण्याच्या हिशोबानं लावलीत. मोरीच्या पाण्यावर केळ आणि अळू, तिथं दुसरं काही लागत नाही. त्याच केळीचे खांब कानबाईला. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, मोगऱ्याला, कढीपत्त्याला. वाफ्यात जुनं मडकं गळ्यापर्यंत पुरून ठेवलंय, त्यात पाणी भरलं की हळूहळू झिरपतं, कच्च्या भाजलेल्या मडक्याचं जमतं, रंग दिलेल्याचं नाही. पाणी संध्याकाळीच, आणि झाडाच्या बुडाशी उसाचं पाचट किंवा वाळका पाला जाड अंथरायचा. पोकळा आणि मेथी उन्हाळ्यात नाद सोडून द्या, पोकळा पावसात एवढा येतो की शेजारी वाटावा लागतो. गिलक्याचा म्हणजे घोसाळ्याचा वेल जुन्या बाजेवर चढवलाय. शेवगा एकच आहे पण गल्लीला पुरतो.

टोमॅटो, वेल बांधायला सुतळी वापरू नका, खोडाला कापते. सुती साडीच्या बोटभर पट्ट्या फाडून बांधा, सैल आठाच्या आकड्यासारखी गाठ. गोधडीच्या कामातून अशा पट्ट्या ढीगभर निघतात, पाहिजे तर माझ्याकडून न्या.

भरताच्या वांग्याचं बी मिळेल का?

हे गोधडीपेक्षा जास्त विचारतात. थोडं देते, चिमूटभर. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, बामणोद-आसोद्याकडचं वांगं प्रसिद्ध आहे, माझं बी पण तिकडच्याच माहेरच्या नात्यातून आलेलं आहे. मोठं, हिरवट, अंगावर पांढरट झाक असलेलं वांगं, आत बिया कमी.

बी धरायचं असेल तर पहिल्या बहरातलं एक चांगलं वांगं खुणेला दोरा बांधून झाडावरच सोडून द्या, पिवळं पडून मऊ होईपर्यंत. घरात दहा वेळा बजावून ठेवा नाहीतर कोणीतरी तोडून भरीत करतं, आमच्याकडे झालंय. मग ते पाण्यात कुस्करा, तळाशी बसतील त्या बिया घ्या, तरंगणाऱ्या टाकून द्या, राखेत घोळवून सावलीत वाळवा. जूनमध्ये रोप टाकलं की थंडी पडताना वांगी येतात आणि थंडीतल्याच वांग्याला चव असते. भाजायचं कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळक्या काड्यांवर. गॅसवर भाजून भरीत होतं, पण मी त्याला वांग्याची भाजीच म्हणेन.

सुना-मुली शिकतात का, की तुमच्यानंतर बंद?

मुलगी नाशिकला नोकरी करते, तिला येतं पण वेळ नाही. सुनेला आधी आवड नव्हती, मी कधी आग्रह केला नाही, घरात आलेल्या मुलीवर सासूची आवड लादू नये असं मला वाटतं. नातू झाला तेव्हा तिनं स्वतःहून दुपट्याला चार ओळी घातल्या. वाकड्या होत्या, आता छान घालते, आणि रंग जोडण्यात ती माझ्या पुढे आहे, मला कधी पिवळ्याशेजारी जांभळं लावायचं सुचलं नसतं.

नातू सहा वर्षांचा आहे, तो मला सुया ओवून देतो, कारण मला आता चष्म्यातून पण नेढं नीट दिसत नाही. सकाळी शाळेत जायच्या आधी पंधरा सुया ओवून उशीला टोचून जातो. दुपारी माझं काम त्याच्यावर चालतं.

मिस्टर विचाराल तर त्यांनी कधी टाका घातला नाही, पण अंथरताना चौथा कोपरा तेच धरतात.

मजुरी किती?

कापड तुमचं असेल तर सिंगलला १८००, डबलला २६००, दुपट्याला ३५०. दोरा माझा. घासाघीस करू नका, तासाचा हिशोब केला तर रोजंदारीपेक्षा कमीच पडतं. गावातल्या बाळंतिणीला दुपट्याचे पैसे घेत नाही.

अर्धवट राहिलेली गोधडी पूर्ण करून देता का?

देते, पण आधी बघते कोणाची आहे. आधीचे टाके मी उसवत नाही, तेवढं मान्य असेल तर आणा. दोन हातांचे टाके वेगळे दिसणार, ते दिसू द्यायचे.

आमच्याकडे अशीच एक आहे. सासूबाई गेल्या त्या साली चैत्रात त्यांनी एक गोधडी धरली होती, आम्ही गावातले चौघं-पाच जण तेव्हा चालत वणीच्या सप्तशृंगीला गेलो होतो, मागं त्या ओसरीत बसून शिवत होत्या. तीन बाजू झाल्या, चौथी निम्मी. श्रावणात त्या गेल्या. कानबाई त्या वर्षी बसली नाही. गोधडी त्यांच्या सुईसकट दोन वर्षं पेटीत होती, सुई गंजून कापडाला डाग पडला. मग एका दुपारी मी ती काढली आणि त्यांच्या शेवटच्या टाक्यात माझा दोरा अडकवला. त्यांचे टाके बारीक तांदळाएवढे, माझे थोडे मोठे. पुढे सूनबाई बसली, तिचे अजून मोठे. गंजाचा डाग तसाच आहे, त्याच्यावर ठिगळ लावलं नाही. मधला चौकोन अजून बंद केलेला नाही. नातू म्हणतो तो मी शिवणार, तर त्याच्या हातात सुई नीट बसेपर्यंत ठेवलीय.

भेटायला कधी यायचं?

दुपारी एकनंतर, मी ओसरीतच असते. सोमवारी नको, आमचा बाजार असतो. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेच्या दिवसांत पण नको, तेव्हा आम्ही सगळे अमळनेरला. येताना साड्या धुऊन आणा, जेवून येऊ नका, आणि कोणाकडे काटेरी गावठी काकडीचं बी असेल तर तेवढं आणा, माझं या वर्षी उंदरांनी खाल्लं.